शेकर स्त्रियांना कला ठाऊकच नव्हती?

माझ्या भाचीने कलामहाविद्यालयातील प्रबंधासाठी शेकर स्त्रियांची चित्रे हा विषय घेतला आहे. गेल्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक बहुचर्चित संदेश आला आणि ती विषय बदलण्याची भाषा करू लागली, म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेशाचे म्हणणे असे: नेत्या अ‍ॅन ली यांच्यासोबत 1774 मध्ये इंग्लंडहून अमेरिकेत आलेल्या शेकर या ब्रह्मचारी ख्रिस्ती पंथात कलेला बंदी होती, बायकांनी केले ते निव्वळ घरकाम, आणि संग्रहालये त्यालाच कला म्हणून मांडत आहेत, त्यांचे खरे कर्तृत्व एकच, एका शेकर स्त्रीने लावलेला गोल करवतीचा शोध, आणि पंथ आता नामशेष झाला आहे.

पहिला मुद्दा सर्वांत खोटा आहे. मॅसॅच्युसेट्समधील हॅनकॉक वस्तीत हॅना कोहून यांनी 1854 मध्ये रंगवलेला ‘जीवनवृक्ष’ निदान एकदा पाहावा. फांद्यांना मोठी गोल फळे लगडलेली आहेत, पानापानावर आडव्याउभ्या रेघांची चौकट आहे. सोबतच्या मजकुरात त्या सांगतात की हे झाड आपल्याला दर्शनात स्पष्ट दिसले आणि त्याच्या पानांवर अशाच चौकटी होत्या. शेवटी ‘पाहिले व रंगवले’ असे म्हणून स्वतःचे नाव आणि 66 हे वय नोंदवले आहे. रंग, रेषा आणि रचना यांविषयी इतकी जागरूक असलेल्या, चित्राखाली नाव घालणाऱ्या स्त्रीला कला ठाऊक नव्हती, असे कोणत्या आधारावर म्हणायचे? दैवी देणगी मानली गेलेली अशी सुमारे 200 चित्रे आज शिल्लक आहेत आणि त्यांतील बहुतेक स्त्रियांची आहेत. न्यू यॉर्कच्या अमेरिकन फोक आर्ट म्युझियमने 2024 मध्ये प्रदर्शनात मांडली ती हीच चित्रे. तिथे झाडलोट मांडलेली नव्हती.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. पंथाच्या 1845 च्या नियमांनी राहत्या खोल्यांत चित्रे टांगायला मनाई केली होती, आणि या स्त्रियांनी स्वतःला कलावंत म्हणवून घेतले नसते. परंतु टांगायला मनाई होती म्हणजे कुणी काढलीच नाहीत, असा अर्थ निघत नाही.

घरकामाचे म्हणाल, तर पॉप्लर लाकडाच्या बारीक पट्ट्या मागावर विणून, त्या कापडाला आतून साटीन लावून स्त्रिया ज्या पेट्या करत, त्यांच्या विक्रीचा पुरुषांची संख्या घटल्यानंतर वस्त्यांना मोठा आधार होता. त्यांनी शिवलेल्या झग्यांना बाहेरच्या जगात मागणी होती, आणि माउंट लेबनन येथील एमा नील यांनी 1901 मध्ये त्यासाठी व्यापारचिन्हही नोंदवले.

पंथ संपलेला नाही. मेन राज्यातील सबाथडे लेक येथे मोजके शेकर आजही राहतात.

करवतीचे श्रेय टॅबिथा बॅबिट या शेकर स्त्रीला दिले जाते, पण इंग्लंडमध्ये सॅम्युएल मिलर यांनी गोल करवतीचे पेटंट 1777 मध्येच घेतले होते. भाचीनेही बॅबिट यांना श्रेय देणारे वाक्य प्रबंधात घातले आहे. तिने तेवढे वाक्य काढावे. विषय बदलू नये.