ट्रबलसम क्रीकच्या निळ्या माणसांचं नाव घेऊन गर्भार बायकांना घाबरवू नका

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात ट्रबलसम क्रीक या ओढ्याकाठी राहिलेल्या 'निळ्या माणसां'ची एक पोस्ट मराठी व्हॉट्सॲप गटांमधून जोरात फिरते आहे. तिचा सारांश असा. मार्टिन फ्युगेट नावाचा एक अनाथ फ्रेंच माणूस ॲपलेशियाच्या डोंगरात शेती करायला आला. त्याच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या नात्यातच लग्नं केली, म्हणून रक्त नासलं आणि निळी मुलं जन्मली. ती मंदबुद्धी आणि अल्पायुषी निघाली. आपल्या ऋषींना हे आधीच ठाऊक होतं, म्हणून त्यांनी सगोत्र विवाह बंद केला. आणि शेवटी सल्ला: ज्यांची लग्नं नात्यात झाली आहेत त्यांनी बाळ निळं पडू नये म्हणून रोज पाण्यातून मिथिलीन ब्लूचे थेंब घ्यावेत. सोबत निळ्या चेहऱ्यांच्या कुटुंबाचा एक 'फोटो'.

ही पोस्ट माझ्या मावसबहिणीला पाठवली गेली. तिचं लग्न मामाच्या मुलाशी झालंय आणि तिला सातवा महिना चालू आहे. पाठवणाऱ्यानं खाली 'काळजी घे' असंही लिहिलं होतं. तिनं मला फोन केला तो एवढंच विचारायला की हे थेंब कुठे मिळतात. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, म्हणून मला माहीत असेल असं तिला वाटलं. तेव्हा थेंबांपासूनच सुरुवात करते.

मिथिलीन ब्लू हे निळं रंगद्रव्य आमच्याकडे असतं. टीबीच्या थुंकीची स्लाइड तयार करताना शेवटी ते वापरतात. मासे पाळणारे बुरशीसाठी टाकीत घालतात. यातली कुठलीच बाटली पोटात घ्यायची नसते. औषध म्हणून ते दवाखान्यात शिरेतून देतात, तेही रक्तात मेथेमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहून न नेणारं हिमोग्लोबिन, वाढलंय हे तपासून. फ्युगेट घराण्याला ते लागू पडलं हे खरं आहे. १९६० च्या सुमारास लेक्सिंग्टनच्या केंटकी विद्यापीठातले रक्तविकारतज्ज्ञ मॅडिसन कवाइन रूथ पेंडरग्रास या नर्सला सोबत घेऊन त्या डोंगरांत हिंडले. निळी माणसं सापडल्यावर त्यांनी १०० मिलिग्रॅम मिथिलीन ब्लू टोचलं आणि काही मिनिटांत कातडीचा निळेपणा ओसरून गुलाबी रंग आला. पोस्टवाल्यानं इथवर वाचलं आणि पुढचं सोडून दिलं. औषध लघवीवाटे निघून गेलं की रंग परत येत होता, म्हणून त्या लोकांना रोज गोळ्या घ्याव्या लागत. औषधानं जनुक बदलत नाही. पोटातल्या बाळाचा आजार त्यानं टळतो याला तर काडीचा आधार नाही.

उलट अपाय होतो. या औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातच गर्भाला धोका असल्याचा इशारा आहे. गर्भजलात ते सोडलं गेलं तेव्हा बाळांच्या आतड्यात जन्मजात अडथळा आणि गर्भमृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. ज्यांच्यात जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असतं, त्यांच्यात हे औषध काम करत नाहीच, वर तांबड्या पेशी फुटून कावीळ आणि गंभीर रक्तक्षय होऊ शकतो. आपल्याकडे अशी माणसं दुर्मिळ नाहीत आणि बहुतेकांना ते ठाऊकही नसतं. नैराश्यावरच्या काही नेहमीच्या गोळ्या चालू असतील तर या औषधानं मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन धोकादायक पातळीला जातं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०११ मध्येच तसं जाहीर केलं. आणि मात्रा जास्त झाली तर हेच औषध मेथेमोग्लोबिन वाढवतं. म्हणजे ज्या निळेपणाची भीती घातली, तोच ओढवून घ्यायचा.

आता रक्त 'नासण्या'बद्दल. हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं सतत थोडं थोडं ऑक्सिडीकरण होत असतं. तसं झालेलं हिमोग्लोबिन म्हणजे मेथेमोग्लोबिन. ते ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. आपल्या तांबड्या पेशींतलं डायफोरेज नावाचं एन्झाइम त्याला परत मूळ रूपात आणतं, त्यामुळे निरोगी माणसात ते साधारण १ टक्क्याच्या आत राहतं. ते १० ते १५ टक्क्यांवर गेलं की ओठ, नखं, कातडी निळसर दिसू लागते. सिरिंजमध्ये असं रक्त चॉकलेटी दिसतं आणि हवेत ठेवलं तरी लाल होत नाही. फ्युगेटांच्या पेशींत हे एन्झाइम काम करत नव्हतं. कवाइन आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये 'आर्काइव्ह्ज ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये हे प्रसिद्ध केलं, आणि या विषयात मी भरवसा ठेवते तो त्याच शोधनिबंधावर. त्याआधी १९६० मध्ये अलास्कातल्या ई. एम. स्कॉट यांनी तिथल्या मूळनिवासी कुटुंबांत हाच दोष दाखवला होता. १९४० च्या दशकात उत्तर आयर्लंडमध्ये डॉ. जेम्स डीनी यांनी दोन निळ्या भावांना क जीवनसत्त्व देऊन त्यांचा रंग उतरवला होता. सैबेरियातल्या याकुतियातही हा दोष आढळतो. एका घराण्याच्या पापाची ही गोष्ट नाही.

दोष अप्रभावी जनुकाचा आहे. ते जनुक आईकडून एक आणि बापाकडून एक असं दोन्ही बाजूंनी आलं तरच मूल निळं होतं. एकाच बाजूनं आलं तर माणूस वाहक राहतो, त्याला काही होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता.

आता पोस्ट ज्या गोष्टीवर उभी आहे तीच नीट वाचा. घराण्यात सांगतात त्याप्रमाणे मार्टिन ट्रबलसम क्रीक या ओढ्याकाठी, आजच्या हॅझर्ड गावाच्या परिसरात स्थायिक झाला आणि एलिझाबेथ स्मिथ या मुलीशी त्यानं लग्न केलं. काही जण हे १८०० च्या सुमाराचं सांगतात, काही १८२० चं. त्यांना सात मुलं झाली, त्यातली चार निळी होती असं म्हणतात. ही मौखिक आठवण आहे, त्यामुळे आकडा दगडावरची रेघ समजू नका. पण पोस्ट हीच आठवण पुरावा म्हणून वापरते, म्हणून तिच्याच आधारे विचारते: मार्टिन आणि एलिझाबेथ यांचं आपसात नातं काय होतं? काहीच नव्हतं. एक बाहेरून आलेला, दुसरी तिथली. पहिली निळी मुलं नात्याबाहेरच्या लग्नातून झाली, कारण दोन अनोळखी माणसं योगायोगानं एकाच दुर्मिळ जनुकाची वाहक निघाली. 'नात्यात लग्न केलं म्हणून निळेपणा आला' हे विधान या घराण्याच्या पहिल्याच पिढीत कोसळतं.

पुढच्या पिढ्यांबद्दल मात्र पोस्टमध्ये अर्धं सत्य आहे, आणि ते मला मान्य करावं लागेल. त्या खोऱ्यात रस्ते नव्हते. हॅझर्डला रेल्वे आली ती १९१२ मध्ये. ओढ्याकाठी मोजकी घरं होती: फ्युगेट, स्मिथ, कोम्ब्ज, रिची, स्टेसी. लग्नं त्यांच्यातच फिरत राहिली. मार्टिनच्या एका मुलानं तर सख्ख्या मावशीशी लग्न केलं असं सांगतात. त्यामुळे दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढली आणि निळेपणा टिकला. जवळच्या नात्यातल्या लग्नानं अप्रभावी आजारांचा धोका वाढतो, हे खरंच आहे. किती? अमेरिकेतल्या जनुकीय समुपदेशकांच्या संघटनेनं २००२ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. कुठल्याही जोडप्याच्या बाळात गंभीर जन्मजात दोषाची शक्यता साधारण २ ते ३ टक्के धरतात. सख्ख्या मामे-आते-चुलत भावंडांच्या लग्नात तीत १.७ ते २.८ टक्क्यांची भर पडते. पिढ्यान्‌पिढ्या तसंच होत आलं असेल तर जास्त. धोका खरा आहे, दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पण अशा लग्नांतली बहुसंख्य बाळं निरोगी जन्मतात, हेही त्याच आकड्यांत आहे. माझ्या बहिणीला कोणी हे सांगितलं नव्हतं.

आणि सगोत्राचं काय? गोत्र बापाकडून येतं. मामाच्या मुलीचं गोत्र वेगळं, म्हणून गोत्राच्या नियमात ती बसते, आणि महाराष्ट्रात कितीतरी घरांत अशी लग्नं हक्कानं होत आली. जनुकांच्या हिशेबात मात्र त्या दोघांत सरासरी आठवा हिस्सा सामाईक असतो. उलट एक नाशिकचा आणि एक बेळगावचा, गोत्र एक पण दहा-बारा पिढ्यांत संबंध नाही, अशा दोघांत फारसं काही सामाईक नसतं. त्यांनाच हा नियम अडवतो. गोत्राला श्रद्धेनं मानणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पण गोत्र म्हणजे जनुकशास्त्र असं सांगून मामाकडे दिलेल्या मुलीला घाबरवणं चूक आहे. ट्रबलसम क्रीकशी आपलं खरं साम्य वेगळंच आहे: मोजक्या घरांत फिरत राहणारी लग्नं. आपल्याकडे ते काम जात आणि पोटजात करते. म्हणूनच विदर्भात आणि नंदुरबारमध्ये काही समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार जास्त आहे, सिंधी आणि लोहाणा समाजांत थॅलेसेमिया या तशाच आजाराचे वाहक जास्त आहेत, आणि तिथे आजारी मुलांचे आईबाप एकमेकांचे नातेवाईक नसतानाही मुलं आजारी जन्मतात. पोस्ट यावर अक्षर लिहीत नाही.

मंदबुद्धी आणि अल्पायुषी? फ्युगेटांमधला दोष फक्त तांबड्या पेशींपुरता होता. त्यांच्यातले अनेक जण ऐंशी-नव्वद वर्षं जगले. ल्यूना नावाची त्या घराण्यातली गडद निळी बाई १३ मुलांची आई झाली आणि ८४ व्या वर्षी वारली. याच दोषाचा दुसरा, फार दुर्मिळ प्रकार सगळ्या पेशींत असतो आणि मेंदूवर परिणाम करतो. तो इथे चिकटवून दिलाय. 'डोंगरातले अडाणी, आपसात लग्नं करणारे' ही अमेरिकी शहरांनी ॲपलेशियाच्या शेतकऱ्यांवर मारलेली जुनी शिवी आहे, आणि आपण ती मराठीत पुढे पाठवतोय.

फोटोबद्दल एकच: एकोणिसाव्या शतकात केंटकीच्या खेड्यात रंगीत छायाचित्रं निघत नव्हती. तो निळा रंग कॅमेऱ्यानं टिपलेला नाही.

बाळ निळं दिसलं तर बहुतेक वेळा कारण हृदयात किंवा फुप्फुसात असतं आणि एक तासही वाया घालवायचा नसतो. विहिरी-बोअरच्या पाण्यातल्या नायट्रेटनंही तान्ह्या बाळात मेथेमोग्लोबिन वाढतं. अमेरिकेतल्या आयोवात १९४५ मध्ये ते पहिल्यांदा नोंदवलं गेलं, आणि आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या भूजलात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेवर गेलेल्या अनेक जागा आहेत. वरचं दूध देताना अशा पाण्याची भीती बाळगा. ते उकळून नायट्रेट जात नाही.

बहिणीला मी एवढंच सांगितलं: तुझी आणि नवऱ्याची एचपीएलसी ही रक्ततपासणी झाली आहे का बघ, म्हणजे सिकलसेल आणि थॅलेसेमियाचे वाहक कळतील, दोन्ही घरांत लहानपणी गेलेली किंवा वारंवार रक्त चढवावं लागलेली मुलं होती का, हे घरातल्या मोठ्यांना विचारून डॉक्टरांना सांग, थेंब आणू नकोस. ज्यांनी ही पोस्ट पुढे पाठवली त्यांनी बाकी काही नाही तरी थेंबांची ओळ चुकीची आहे एवढं त्याच गटात आजच लिहावं. त्या गटांत आणखीही गर्भार बायका आहेत.