नदीकाठ रिकामा नाही, भाऊ

आठवडाभर गावातल्या प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरतो आहे. "बाजारामागचा नदीकाठ रिकामा पडून आहे. साबरमतीसारखा रिव्हरफ्रंट करा, बारमाही पाणी राहील, पूर येणार नाही. आराखडा इंजिनिअरवर सोडा, ज्याला-त्याला विचारत बसलं तर कामं होत नाहीत." मला तो अकरा जणांनी पाठवला. त्यातले चौघे दर शनिवारी याच 'रिकाम्या' काठावर भाजी घेतात.

रिकामा कसा? पावसाळा सोडला तर अर्धा आठवडी बाजार उतारावरच भरतो. खाली रेतीत ढिवर-भोयांच्या डांगरवाड्या. दिवाळी झाली की रेतीत खड्डे करायचे, शेणखत भरायचं, बी टोचायचं, मग घागरीनं पाणी. उन्हाळ्यात चौकात फोडून खातो ते टरबूज तिथलंच. वरठ्यांचे, म्हणजे धोब्यांचे, दगड तिथे, पोळ्याचे बैल धुणं तिथे, भुलाबाई बोळवायला पोरी तिथेच जातात, दहाव्याला आपण सारे तिथेच बसतो. सातबाऱ्यावर यातलं काही चढत नाही, म्हणून नकाशावर ती जागा पांढरी दिसते.

आता साबरमती. अहमदाबादला फोटोत दिसतं ते पाणी मुख्यतः नर्मदेच्या कालव्यातून सोडलेलं आणि खाली वासणा बंधाऱ्यानं अडवलेलं. आपल्या वर्धा नदीचं पाणी वर सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरणात अडतं, अमरावती शहर तेच पितं. चैतात आपल्याकडे उरतो तो डोह. बोट काय रेतीवर चालवायची?

भिंतीनं पूर थांबतो, हे तर अजिबात पटत नाही. बाजाराचा नाला नदीतच उतरतो. नदी फुगली की भिंतीआड नाल्याचं पाणी तुंबेल आणि पहिलं धान्याच्या दुकानांत शिरेल. नागपुरात नागनदीला भिंती आहेतच ना? २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाचं पाणी आलं आणि काठची घरं बुडालीच. आणि ३० जुलै १९९१ ला याच वर्धेनं मोवाड गाव धुऊन नेलं, दोनशेवर माणसं गेली. सरकारी निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या. त्या आखताना म्हाताऱ्यांनाही विचारा. मारुतीच्या देवळाच्या कितव्या पायरीला पाणी लागलं, हे ते डोळे मिटून सांगतात.

काठ सुधारूच नये असं मी म्हणत नाही. सांडपाणी थेट डोहात जातं, नाक धरावं लागतं. पायऱ्या, दिवे, बाजारात बसणाऱ्या बायकांसाठी संडास हवेच. मेसेजमध्ये नेमकं हेच नाही.

राहिलं विचारणं. प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला की लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्याच लागतात, १९६६ च्या नगररचना कायद्यातच ते आहे. कोणावर उपकार नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शनिवारी बाजारात पिंपळाखाली यावं, मी लिहून देतो. अंगठ्यासाठी शाईचं पॅड आणून ठेवलं आहे.