कार्डावर रकाना नसलेली लस

गावाकडच्या लोकांना लसीची भीती वाटते, हे फ्लूच्या लसीबाबत ऐकलं की मला हसू येतं. आमच्या सिंधुदुर्गात उपकेंद्रावर लसीकरणाचा वार असला की कडेवर पोर, पिशवीत कार्ड आणि सोबत सासू अशी रांग लागते. आशाताईची एक हाक पुरते. घाबरायला आधी कुणी त्या लसीचं नाव तर काढायला हवं!

इंडियन अॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना ही लस दरवर्षी द्या म्हणते. दरवर्षी अशासाठी की विषाणू रूप बदलतो, त्याप्रमाणे लसही बदलते. पण सरकारी लसीकरणात ती नाही, त्यामुळे कार्डावर तिचा रकानाच नाही. मग आशाताई तरी काय विचारणार? खाजगीत एका डोसला दीड-दोन हजार पडतात. पहिल्या वर्षी महिन्याच्या अंतराने दोन डोस, वर कुडाळ-कणकवलीचं जाणं-येणं. काजूच्या बियांचे पैसे हातात यायच्या आधी हे कोण करणार?

त्यात वेळेचा घोळ. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात. लसीचा असर व्हायला दोनेक आठवडे लागतात, म्हणजे ती एप्रिल-मेमध्येच घ्यायला हवी. तेव्हा सगळे आंब्यात आणि लग्नांत. आठवण होते ती गणपतीत. चाकरमानी आलेले, आरतीला माजघरात पाय ठेवायला जागा नाही, आणि धाकटं पोर तापाने फणफणलेलं. आजी म्हणते, "सर्दीच ती, जातली." बहुतेक वेळा जातेही. पण लहानग्याच्या छातीत उतरली, न्यूमोनिया झाला, की रात्री गाडी शोधत फिरावं लागतं.

"लस घेऊनही सर्दी झाली" म्हणणारे भेटतातच. होणारच, सर्दीचे विषाणू काय एकच आहेत? ही लस फ्लूवरची, आणि तिचा खरा उपयोग आजार गंभीर होऊ नये यासाठी.

ब्रिटनमध्ये २०१३ पासून मुलांना नाकात फवारायची लस फुकट देतात, पुढे ती शाळांतूनच मिळू लागली. पालकांनी संमती दिली की झालं. आपल्याकडे प्रत्येक अंगणवाडीत मुलांची यादी तयार आहे, शीतपेट्या आहेत, टोचणाऱ्या नर्सबाई आहेत. सरकारने फक्त लस द्यायची आहे. निदान पाच वर्षांखालच्यांना, तीही एप्रिलअखेर.

तोवर बालरोगतज्ज्ञांनी एप्रिलमध्ये आपल्या पेशंटच्या आई-बापांना एक व्हॉट्सअॅप तरी टाकावा. दिवाळीच्या शुभेच्छा न चुकता येतात की.