वळण चुकलं? बिनधास्त चुकवा!

होतकरू वैमानिक मित्रहो, नाशिकजवळच्या ओझर विमानतळाच्या टॉवरमध्ये, विमानांना वाट दाखवत, कानाला हेडफोन लावून उमेदीची वर्षं घालवली, त्या पुण्याईवर चार गोष्टी सांगतो. तुम्ही वैमानिक नसलात तरी वाचा. तिकीट तर काढताच ना?

सर्वात आधी, आकड्यांचा बाऊ करू नका. मार्च 2015 मध्ये सिडनीला उभ्या असलेल्या एअरएशिया एक्सच्या विमानात कॅप्टनसाहेबांनी संगणकात विमानाच्या जागेचा रेखांश भरला. हवा होता 15109.8, म्हणजे 151 अंश 9.8 मिनिटं; भरला 01519.8, म्हणजे 15 अंश 19.8 मिनिटं. एवढंसंच! विमान बिचारं सिडनीच्या गेटवर उभं राहून स्वतःला केपटाऊनजवळच्या समुद्रात समजायला लागलं, म्हणजे अकरा हजार किलोमीटरचा फरक. पडद्यावर इशारे आले होते, पण इशारे काय, येतच असतात. निघालं क्वालालंपूरला, उतरलं मेलबर्नला.

दुसरं, कोपायलट असाल तर साहेबांच्या दिशेच्या डायलवर बघून आपला डायल लावा. स्वतःचा कागद उघडायचे कष्ट कशाला? 1989 साली ब्राझीलमध्ये वारिग कंपनीच्या विमानाला माराबाहून उत्तरेला बेलेमला जायचं होतं. कागदावर 0270 छापलं होतं, म्हणजे 27.0 अंश. कॅप्टननं वाचलं 270, थेट पश्चिम. कोपायलटनं त्यांचं बघून आपलंही 270 लावलं. मावळतीचा सूर्य डाव्या हाताला हवा तो नाकासमोर, तरी दोघांपैकी कुणाला काही खटकलं नाही. इंधन संपल्यावर रात्री अ‍ॅमेझॉनच्या जंगलात विमान टेकवलं. डझनभर माणसं गेली.

लॅपटॉप जवळ असू द्या. 2009 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे दोघं वैमानिक कॉकपिटमध्ये तो उघडून बसले आणि मिनियापोलिसच्या दीडशे मैल पुढे गेले.

धावपट्टी दिसली की उतरा, जपान एअरलाइन्सनं 1972 साली मुंबईचं सांताक्रूझ विमानतळ समजून शेजारच्या छोट्या जुहू विमानतळावर विमान उतरवलंच की.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चुकलात तर खुशाल माइक घ्या आणि गोड आवाजात सांगा, 'ट्रॅफिकमुळे थोडा उशीर होत आहे.' हे मी परवाच दिल्लीहून येताना शिकलो. ओझरला उतरायचं विमान, आणि खिडकीतून मला पार नाशिकच्या दक्षिणेचं कळसूबाई दिसतंय! खाली भंडारदऱ्याचं पाणी चकाकतंय. शेजारचे गृहस्थ फोटो काढण्यात दंग. मग विमान असं काही वळलं की माझ्या पुढच्या बाईंचा चहा खिडकीला लागला. आणि वरून घोषणा, ट्रॅफिक! अहो, ट्रॅफिक द्वारका सर्कलला असतं. ओझरच्या आकाशात दिवसाकाठी विमानं येतात किती, ते पोरंसोरंही सांगतील. उतरताना दारात कॅप्टनसाहेब उभे होते, त्यांना सरळ विचारलं, "काय झालं होतं?" तर हसून म्हणाले, "ट्रॅफिक होतं अंकल." संध्याकाळी जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. त्या वेळी दुसरं एकही विमान जवळपास नव्हतं. टॉवरनं वळण दिलं होतं, साहेबांनी रीडबॅकही बरोबर दिला, म्हणजे सूचना परत म्हणून दाखवली, पण वळण घेतलं नाही. टॉवरनं हाक मारली तेव्हा फिरले.

रीडबॅक म्हणजे काय वाटतं तुम्हाला? आरतीच्या शेवटी सगळे एका सुरात म्हणतात तसं काहीतरी? आकडा म्हणायचा, लावायचा, शेजारच्यानं बोट ठेवून तपासायचा. एवढं तिन्ही झालं तरच त्याला अर्थ. इकडे ओझरला सुखोई उडतात, तिकडे देवळालीला तोफखान्याचा सराव चालतो. या आकाशात भरकटायचं?

बरं, चूक होते. माझ्या खुर्चीवरून मी चुकणारे खूप ऐकले, त्यातले कितीतरी उत्तम वैमानिक होते. पण 1983 साली कोरियन एअरलाइन्सच्या 007 क्रमांकाच्या विमानाचा ऑटोपायलट ठरलेल्या मार्गाला जोडलाच गेला नाही, नुसती दिशा धरून विमान जात राहिलं आणि सोव्हिएत हद्दीत शिरलं. त्यांच्या लढाऊ विमानानं पाडलं. 269 माणसं. मार्गावर आहोत ना, हे मधल्या कुठल्याही टप्प्यावर नीट पडताळलं असतं तर?

आणि लपवण्याचं म्हणाल, तर 1 डिसेंबर 1974 ची गोष्ट ऐका. वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए या अमेरिकन कंपनीच्या 514 क्रमांकाच्या विमानानं अ‍ॅप्रोचची, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येण्याची, परवानगी म्हणजे खाली यायची मोकळीक समजून उंची सोडली आणि ते डोंगरावर आदळलं. 92 जण गेले. सहाएक आठवडे आधी युनायटेड एअरलाइन्सच्या वैमानिकांची तीच चूक तिथेच झाली होती, थोडक्यात वाचले होते. कंपनीनं फक्त आपल्या वैमानिकांना सावध केलं, बाहेर कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर 1976 मध्ये अमेरिकेनं नासाकडे एक व्यवस्था दिली. वैमानिकानं चूक कळवायची, नाव गुप्त राहतं.

तेव्हा परवाच्या विमानातले कॅप्टनसाहेब, मस्करी पुरे. तुम्ही प्रवाशांशी खोटं बोललात. खरं सांगितलं असतं तर मी तुम्हाला दारात नमस्कार करून उतरलो असतो. आता कंपनीकडे लेखी कळवा, डीजीसीए या सरकारी विमान नियामकाकडे कळवा, कुठलं वळण, किती वेळ, कोपायलट तेव्हा काय करत होता, सगळं. नाही कळवलंत तर मी कळवणार आहे. तारीख आणि सीट नंबर माझ्या बोर्डिंग पासवर आहे.