नेक्स्ट कोणाचा?

जेम्स नेस्मिथ नावाच्या पीटीच्या मास्तरांनी १८९१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला पीचच्या दोन टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या, १३ नियम भिंतीवर लावले आणि बास्केटबॉल सुरू झाला. त्या १३ मध्ये पंचांसाठी चक्क दोन वेगळे नियम होते, एका पंचाने माणसांवर लक्ष ठेवायचं आणि दुसऱ्याने बॉलवर. मास्तरांना आपली पोरं चांगली ओळखू येत होती. रस्त्यावरच्या बास्केटबॉलने पुढे बाकीचं बऱ्यापैकी सांभाळलं, टोपलीची १० फूट उंचीसुद्धा तीच ठेवली, फक्त पंच तेवढे काढून टाकले. माझ्या संध्याकाळची वाट लावायला तेवढं पुरतं.

आता पंच नाही म्हणजे नंबर कोणाचा, स्कोअर किती, फाउल होता की नव्हता, हे सगळं आपलं आपणच ठरवायचं. कोर्टवर पोचल्यावर पहिलं विचारायचं, "नेक्स्ट कोणाचा?" कारण जिंकणारी टीम कोर्टवर थांबते, हरणारी बाहेर जाते आणि ज्याने "नेक्स्ट माझा" म्हणून ठेवलंय तो आपली माणसं घेऊन आत येतो, असा साधा हिशोब. मी विचारतो. लेस बांधणारा मुलगा वर न बघता म्हणतो, "माझा." बरं, मग त्याच्यानंतर माझा. "नाही काका, त्याच्यानंतर तो आहे ना, पाणी प्यायला गेलाय." हा पाणी प्यायला गेलेला इसम मी अजून पाहिलेला नाही. कुठल्याही कोर्टवर जा, कुठल्याही वेळी जा, त्याचा नंबर माझ्या आधी असतोच. एवढं पाणी कोण पितं?

शेवटी कोणाला तरी घरून फोन येतो, एक माणूस कमी पडतो आणि सगळ्यांची नजर माझ्याकडे वळते. आधी शूज बघतात, मग गुडघ्यावरची नी-कॅप, मग आपापसात एक नजर. "काका, तुम्ही फक्त त्या उंचवाल्याला धरा." म्हणजे लहानपणीचा लिंबूटिंबू, फक्त आता लिंबाला बीपी आहे.

गेम अकरा पॉइंट्सचा. रेषेच्या आतून टाकला तर एक, लांबच्या रेषेबाहेरून टाकला तर दोन. इथे खरी मेख आहे आणि ती कोणी लक्षातच घेत नाही. टीव्हीवरच्या बास्केटबॉलमध्ये लांबून तीन आणि जवळून दोन, म्हणजे लांबचा शॉट दीडपट. रस्त्यावर तोच शॉट सरळ दुप्पट! मग कोण कशाला पास देईल? बॉल हातात आला की जो तो मागे मागे जात रेषेबाहेर पोचतो आणि तिथून फेकतो, मी बास्केटखाली एकटा, दोन्ही हात वर करून उभा, आणि लोक म्हणतात काका जरा मूव्ह होत राहा.

फाउलचं तर विचारूच नका. ज्याला लागलं त्यानेच ओरडायचं, हा बहुतेक ठिकाणचा नियम. आणि ओरडायचं ते लगेच, बॉल आत जातोय का बघून मग ओरडला तर तो रडीचा डाव. हे सगळ्यांना तोंडपाठ आहे आणि सगळे नेमकं तेच करतात. बॉल रिमवर गरगर फिरत असतो आणि शूट करणारा अर्धं तोंड उघडून थांबलेला असतो, आत गेला तर हसायला आणि बाहेर आला तर "फाउल!" म्हणायला.

स्कोअरची भानगड त्याहून वाईट.

"सात पाच."

"कुठले सात? सहा सहा."

की लगेच आख्खी मॅच पहिल्यापासून तोंडी पुन्हा खेळली जाते, मी डावीकडून टाकला तो एक, ह्याचा लेअप, म्हणजे बास्केटखाली पळत जाऊन टाकलेला, झाले दोन, अरे तो लेअप मागच्या गेमचा. स्वतःच्या बास्केटबद्दल माणसाची स्मरणशक्ती काय अफाट असते! आणि तरीही मिटलं नाही तर शेवटचा उपाय, "शूट फॉर इट." रेषेवरून एक शॉट मारायचा, आत गेला तर तुझं खरं. बॉल खोटं बोलत नाही म्हणे. मी आजवर असे कित्येक वाद मुद्देसूद जिंकलोय, समोरचा निरुत्तर झालाय, आणि मग न्यायासाठी बॉल माझ्याच हातात दिला गेलाय.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, तिथल्या पोरांसाठी बास्केटबॉलच्या स्पर्धा सुरू करणाऱ्या होल्कोम्ब रकर यांच्या नावाचं रकर पार्क आहे, रस्त्यावरच्या बास्केटबॉलवाल्यांची ती पंढरीच. तिथे विल्ट चेंबरलेन, ज्युलियस अर्व्हिंग असे बास्केटबॉलमधले मोठमोठे खेळाडू खेळून गेले, २०११ मध्ये केविन ड्युरंटने एका गेममध्ये ६६ पॉइंट्स काढले. तिथे माइकवरचा माणूस खेळाडूंना एकेक झकास टोपणनाव देतो. आमच्याकडे मला मिळालेलं नाव "ब्लू टी-शर्ट". हिरवा घालून गेलो तरी ब्लू टी-शर्टच. आणि खरं सांगायचं तर मलाही कोणाचं नाव माहीत नाही, कोण काय नोकरी करतो माहीत नाही, पण कोण नेहमी डावीकडूनच जातो आणि कोणाला उजव्या हाताने लेअप येत नाही हे झोपेतून उठवून विचारा. एकदा एका लिफ्टमध्ये टायवाला एक माणूस माझ्याकडे टक लावून बघत होता. चौथ्या मजल्यावर त्याला ओळख पटली. "तो फाउल होता," एवढंच म्हणाला आणि उतरून गेला.

आता हाच खेळ थ्री बाय थ्री नावाने ऑलिम्पिकमध्ये गेलाय, २०२१ मध्ये टोकियोत पहिल्यांदा झाला. एकच बास्केट, तिघे तिघे, १० मिनिटं किंवा आधी २१ करेल तो जिंकला, शॉटला फक्त १२ सेकंद, आणि आपलेच एक आणि दोन पॉइंट्स. बघून ऊर भरून आला, मग तिथे पंच दिसले आणि जरा हिरमुसलो. १२ सेकंदांत आमच्याकडे बॉल कोणाचा हेही ठरत नाही.

पुरुषांच्या फायनलला लॅटव्हियाच्या लास्मानिसने शेवटी बाहेरून दोनाचा शॉट मारला, २१-१८, गोल्ड. मी तो क्लिप कोर्टवर मोठ्या कौतुकाने सगळ्यांना दाखवला. उंचवाल्याने मोबाइल हातात घेतला, पॉज केला, झूम केला आणि म्हणाला, "पाय रेषेवर आहे. एकच पॉइंट. वीस झाले, गेम संपलाच नाही." मी म्हटलं अरे पंचांनी दिलाय, मेडल देऊन झालं, तो बिचारा घरी गेला. तोपर्यंत दोन पार्ट्या पडल्या होत्या, बाकीच्यांनी बॉल बगलेत मारून गेम थांबवला होता, आणि लॅटव्हियाच्या बाजूने मी एकटाच. पंधरा मिनिटं भांडलो. मग व्हायचं तेच झालं, कोणीतरी बॉल माझ्या हातात दिला, "काका, शूट फॉर इट."

रिमलासुद्धा लागला नाही. त्यामुळे आमच्या कोर्टवर लॅटव्हियाचं गोल्ड अजून पेंडिंग आहे.