आठ बिटांतली भाऊबंदकी

लहानपणी आमच्याकडे टीव्ही गेम होता. कॅसेट खुपसली की मारिओ उड्या मारायचा, कॉन्ट्रावाले धडाधड गोळ्या झाडायचे. अक्षरओळख लागायची नाही. तो डबा म्हणजे निन्तेन्दोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची नक्कल होती, हे टोकियोत नोकरीला आल्यावर कळलं. मग अकिहाबारात, टोकियोतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जुन्या मालाच्या टोपलीत अस्सल कॅसेट दिसल्यावर हात गेलाच. ‘ड्रॅगन बॉल झेड : क्योशू! सायाजिन’, बांदाई कंपनी, १९९०. तोरियामा अकिरांच्या मांगावरचा (जपानी कॉमिक) आरपीजी, पात्राची भूमिका घेऊन गोष्ट पुढे न्यायचा खेळ. म्हणजे उड्या कमी आणि वाचन जास्त.

जपानी शिकताना कांजीच्या, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या अक्षरांच्या, नावाने मी भरपूर बोटं मोडली आहेत. या गेमच्या संवादांत कांजी नाही. तेव्हाच्या कॅसेटमध्ये इतकी अक्षरं ठेवायला जागा कुठली? सगळं हिरागाना-काताकाना, उच्चाराप्रमाणे लिहायच्या सोप्या लिप्या. वाटलं, सुटलो. पण कांजी गेली आणि तो मजकूर मोडीतल्या दस्तऐवजासारखा दिसू लागला. शब्द कुठे संपतो, क्रियापद कुठे सुरू होतं, काही पत्ता नाही. जपानी पोरं सात-आठ वर्षांची असताना हे वाचत होती. मी सरकारी फॉर्म बिनचूक भरणारा माणूस, आणि गेमचा नायक गोकू शेजारच्या गावात कशाला निघालाय हे मला कळेना.

त्यातच आई आली. टोकियोतल्या निशी-कासाईच्या आमच्या दोन खोल्यांत टीव्ही एकच.

“हे काय, पत्ते?” तिने विचारलं.

पत्तेच होते. या गेममध्ये विश्वातला बलाढ्य वीरसुद्धा हातात आलेली पानं खेळतो. पानावर वर तारे, खाली कांजीतला आकडा. ताऱ्यांवर मार ठरतो, आकड्यावर बचाव. नकाशावर चालायचं तरी पान टाकावं लागतं. गोकू आकाशात उडणारा माणूस, पण हाती बारकं पान आलं की मुकाट्याने चार पावलं चालतो. मेंढीकोटात हयात घालवलेल्या आईला एक अक्षर न वाचता सगळं समजलं. जीवघेणे डाव खेळायला एक खास चिन्हाचं पान लागतं, त्याला तिने ‘हुकूम’ म्हणून टाकलं आणि तो मी फुकट घालवतोय हेही सांगितलं.

“हा केसाळ कोण?”

“रादित्स. गोकूचा सख्खा मोठा भाऊ. दुसऱ्या ग्रहावरून आलाय. पुतण्याला पळवून नेलंय.”

“मग जमिनीवरून असणार.”

मी हसलो. मग विचार केला. सायाजिन ही या दोघा भावांची लढाऊ जमात. ते ग्रह रिकामे करतात आणि विकतात. धाकट्याला तान्हेपणीच पृथ्वी मोकळी करायला पाठवलं, थोरला त्याला परत धंद्यात घ्यायला आला, तर ती अजून भरलेलीच. शुद्ध जमिनीचं प्रकरण. इतकी वर्षं मी ते महायुद्ध समजत होतो.

रादित्स उतरतो तेव्हा समोरच्या शेतकऱ्याची ताकद डोळ्यावरच्या यंत्राने मोजतो. ती भरते ५. मांगातला हा प्रसंग आईला सांगितला. ती म्हणाली, “शेतकऱ्याला तिथेही भाव नाही.”

तिला गप्प बसवायला दुसरा कंट्रोलर दिला. जुन्या फॅमिकॉमच्या दुसऱ्या कंट्रोलरला स्टार्टचं बटण नसतं. त्याऐवजी मायक्रोफोन असतो. ही माहिती मी तिला द्यायला नको होती. “पोराला सोड आधी,” आईने रादित्सला सुनावलं, “मग वाटणीचं बघू.” रादित्सने ऐकलं नाही.

या झगड्यात गोकू मरतो. मांगा वाचणाऱ्याला हे ठाऊकच असतं, आईला नव्हतं. “मुख्य माणूसच गेला? मग आता खेळायचं कुणाला घेऊन?” पिक्कोलोला, म्हणजे गोकूच्या वैऱ्याला. तो पोराला रानात नेऊन तयार करणार. गोकू परलोकात, सापाच्या पाठीवरच्या दहा लाख किलोमीटरच्या रस्त्याने कैओसामा नावाच्या देवाकडे शिकायला जाणार. एवढ्या लांब क्लास लावायचा, आणि प्रवेशाची अट अशी की सरांना विनोद सांगून हसवायचं.

खरा छळ इथून सुरू होतो. आणखी दोन सायाजिन वर्षभराने यायचेत. मांगात हे वर्ष भराभर पानं उलटली की सरतं. गेममध्ये ते एकेक पान टाकत काढायचं. किरकोळ शत्रू बडवायचे, ताकद वाढवायची, परत बडवायचे. रात्रीचे साडेअकरा, डोळ्यांत हिरागाना नाचतोय, आणि शेजारून सूचना : “मोठं पान राखून ठेव.”

या कॅसेटमध्ये सेव्ह राखायला बॅटरी नसते, ईईप्रॉम नावाची मेमरी चिप असते. एकशे अठ्ठावीस बाइट. आजच्या हिशेबाने देवनागरी अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे माझं संपूर्ण नाव, मुक्काम आणि पोस्ट लिहिलं की तालुक्याला जागा उरणार नाही. तेवढ्यात अख्खी भाऊबंदकी मावते, आणि वीज गेली तरी वर्षानुवर्षं टिकते. मात्र आधी सेव्ह करावं लागतं.

“ते दोघे कधी येणार म्हणालास?” आई उठली.

“वर्षभराने.”

“मग आत्ता कशाला जागायचं?” जपानी भिंतीवर प्लगला बटण नसतं, म्हणून तिने प्लगच उपसला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुतण्या पुन्हा पळवला गेला. आईने आपणहून दुसरा कंट्रोलर उचलला आणि मला म्हणाली, “तू पानं टाक. मी बोलते त्याच्याशी.”