म्हशीविना तीन महिने

आमच्या घरात तीन पिढ्यांत कोणी मांसाला शिवलेले नाही. वडील माळकरी होते आणि आषाढीला पायी पंढरपूरला जात. रविवारी सकाळी अकराच्या सुमारास गल्लीतल्या निम्म्याहून अधिक घरांतून तांबड्या रश्श्याचा वास सुटतो, अशा कोल्हापुरात राहूनही आपण जिभेवर ताबा ठेवला, याचा मला मनातून थोडा ताठाच होता. त्यामुळे गेल्या आषाढात रक्ताच्या अहवालात एलडीएल, म्हणजे ज्याला सगळे वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, १७२ निघाले आणि पुण्याच्या लेकीने फोनवरून, "बाबा, आता दिवाळीपर्यंत फक्त वनस्पतीजन्य आहार," असा हुकूम सोडला, तेव्हा मला हसू आले. मी जन्मापासून दुसरे काय खात आलो, असे मी तिला ऐटीत विचारले.

"दूध कुठल्या झाडाला लागतं, बाबा?" तिने विचारले.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात तो सगळा दिवस गेला. सकाळचा चहा, नाश्त्याच्या थालीपिठावरचा लोण्याचा गोळा, दुपारच्या भातावरचे तूप, त्यानंतरचे ताक, चारचा चहा, रात्रीचा दहीभात आणि या सगळ्यांवर मुकुटासारखा बसलेला गंगावेशीतला संध्याकाळचा दुधाचा पेला, अशी यादी कागदावर मांडली तेव्हा ध्यानात आले की, ज्याला मी पन्नास वर्षे शाकाहार समजत होतो तो खरे पाहता म्हशीच्या आधारावर उभा असलेला एक संसार होता. भाज्या त्यात पाहुण्यांसारख्या येऊन जात.

गंगावेशीतला दूध कट्टा ज्यांनी पाहिला नाही त्यांना हे दुःख कळायचे नाही. तिथे गवळी म्हशी घेऊन उभे असतात, गिऱ्हाईक समोर आले की धार काढतात आणि फेसाने भरलेला कोमट पेला हातात देतात. त्या म्हशी बहुतेक पंढरपुरी जातीच्या असतात. तलवारीसारखी त्यांची लांब शिंगे मागे थेट खांद्यापलीकडे जातात आणि गर्दीत वळताना त्या म्हशी माणसांपेक्षा अधिक जपून वळतात. पंढरपूरशी आमच्या घराण्याचे नाते असे दुहेरी आहे. वडिलांचे विठोबाशी होते, माझे म्हशीशी. वडिलांना निदान वारी सोडायला कोणी सांगितले नाही.

डॉक्टर तसे समजूतदार होते. कोलेस्टेरॉल फक्त प्राणिजन्य पदार्थांत असते, म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो, गाईच्या दुधात चारच्या आसपास, तेव्हा तूप-लोणी आवरा आणि रोज पाऊण तास चाला, एवढेच त्यांनी सांगितले होते. बाकीचा कायदा लेकीने केला. तिने मला या पंथाचा इतिहासही ऐकवला. 'व्हीगन' हा शब्द १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मंडळींनी बनवला तो 'व्हेजिटेरियन' या शब्दाची सुरुवातीची तीन आणि शेवटची दोन अक्षरे घेऊन. शाकाहाराच्या मधला सगळा गर काढून टाकला की हा आहार तयार होतो, हे त्या सज्जनांनी शब्दातच प्रामाणिकपणे सांगून ठेवले आहे. बाकी 'वनस्पती' हा शब्द कानावर पडला की माझ्या वयाच्या माणसाच्या डोळ्यांपुढे पालक-मेथी येतच नाही, तर लग्नाच्या मांडवामागे आचाऱ्यापाशी रचून ठेवलेले वनस्पती तुपाचे डबे येतात. त्या तुपातल्या ट्रान्स फॅट या हृदयाला घातक चरबीला २०२२ पासून सरकारने दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे. ज्या वनस्पतीला सरकार आवर घालते तीच माझे हृदय सुधारणार, हे पटायला मला वेळ लागला.

पहिली सकाळ चहाची होती. लेकीने सोयाबीनच्या दुधाचे खोके पाठवले होते. त्यावर 'दूध' हा शब्द कुठेही नव्हता, कारण जनावराच्या धारेतून न आलेल्या पदार्थाला दूध म्हणायला आपल्याकडे कायद्याची परवानगी नाही. मला तेव्हाच सावध व्हायला हवे होते. आले ठेचून घातलेल्या उकळत्या चहात ते पेय ओतताच पातेल्यात क्षणभर शांतता पसरली, मग कडेने पांढरे कण वर येऊ लागले आणि पाहता पाहता खाली तपकिरी पाणी व वर भिजलेल्या कापसाचे पुंजके अशी विभागणी झाली. पत्नीने माझ्या खांद्यावरून वाकून पाहिले. "अहो, हा चहा नासलाय, की असाच प्यायचा असतो?" तिने अत्यंत गांभीर्याने विचारले. मी तो गाळून प्यालो. त्यानंतर आठवडाभर मी कोरा चहा घेतला आणि तो घेताना घरातली सगळी माणसे माझ्याकडे, एखाद्याच्या घरी नुकतेच काही वाईट घडले असावे, अशा नजरेने पाहत होती.

चहा परवडला, पण वरणभात नाही. आपल्याकडे पान वाढले की भातावर तुपाची धार पडते तिला अन्नशुद्धी म्हणतात. ती पडेपर्यंत जेवायला सुरुवात करायची नाही, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेले. आता भात वाढला जाई, वरण वाढले जाई, आणि माझा हात अन्नशुद्धीची वाट पाहत तसाच थांबून राही. चौथ्या दिवशी पत्नीने न राहवून तुपाऐवजी करडईच्या कच्च्या तेलाची धार सोडली. अन्न शुद्ध झाले की नाही, ते मला सांगता येणार नाही.

मग मी दह्याच्या मागे लागलो. शेंगदाण्याच्या दुधाचे दही लागते आणि विरजण म्हणून हिरव्या मिरचीचे देठ चालतात, अशी माहिती मला मिळाली होती, आणि ती खरी आहे, हे मी स्वतःच्या जबाबदारीवर सांगतो. वाटीभर दाणे रात्री भिजवले, सकाळी साले चोळून काढली, मिक्सरमध्ये वाटून फडक्याने पिळले. पातेल्यात साईसारखे दाट, फिकट दूध पाहून माझे डोळे भरून आले. ते उकळून कोमट केले, त्यात सात मिरच्यांचे देठ मोजून बुडवले आणि पातेले कांबळ्यात गुंडाळून ठेवले. सकाळी झाकण काढले तेव्हा दही खरेच लागले होते, चमच्याने वडी पडावी इतके घट्ट. फक्त त्याला वास कच्च्या शेंगांचा होता, चव आंबट दाण्यांची, आणि एका देठाला नजरचुकीने मिरचीचा तुकडा तसाच राहिलेला असल्यामुळे तिसऱ्या घासाला मी उठून उभा राहिलो. पत्नीने उरलेल्या दह्यात जिरे-साखर घालून त्याची चटणी केली आणि ती मात्र फक्कड झाली.

श्रावण सुरू झाला तसा प्रश्न घराबाहेर गेला. शेजारच्या सत्यनारायणाला मी पंचामृताची पळी हातावर घेतली आणि मोजणी केली. दूध बाद, दही बाद, तूप बाद, मध मधमाशीचा म्हणून तोही बाद. पाचांपैकी साखर तेवढी माझ्या वाट्याला उरली होती. प्रसादाच्या शिऱ्यात तर रवा सव्वा, साखर सव्वा आणि तूपही सव्वा. तो नाकारला तर साधुवाण्याच्या नावेचे काय झाले ते तासाभरापूर्वीच ऐकलेले. मी प्रसाद खाल्ला. लेकीला सांगितले नाही. व्रत मोडण्यापेक्षा देवाची गैरमर्जी होणे एलडीएलला अधिक घातक असावे, असा मी निष्कर्ष काढला.

आणि नेमके याच सुमारास, अशा कोंडीत सापडलेल्या माणसाला वाट दिसते तशी मलाही दिसली. एके सकाळी मिसळीच्या दुकानासमोरून जाताना मी थबकलो. मटकी, कांदा, कट, फरसाण, लिंबू. यात म्हैस कुठे होती? मी आत शिरलो. बटाटेवडा पूर्ण वनस्पतीजन्य. कांदाभजी, वनस्पतीजन्य. भडंग, चिवडा, शेव, कोल्हापुरी गुळाची चिक्की, सगळे निष्पाप. त्या दिवशी मला स्वातंत्र्य मिळाले. लेकीच्या प्रश्नांना मी छातीठोकपणे उत्तरे देऊ लागलो. "आज काय खाल्लं, बाबा?" "मोड आलेली कडधान्ये," मी सांगत असे, आणि ते शब्दशः खरे होते, फक्त त्यांच्यावर बोटभर लाल तर्री होती.

गणपतीत उकडीच्या मोदकांनी तर माझी बाजू आणखी बळकट केली, कारण तांदळाची पिठी, नारळ आणि गूळ यांत हरकत घ्यायला जागाच नाही. ते फोडून तुपाशिवाय खाताना घशात अडकतात ही गोष्ट वेगळी. गौरी उठल्यावर मी पुन्हा रक्त दिले. एलडीएल १७२ चे १५८ झाले होते, हे मी विजयी मुद्रेने डॉक्टरांना दाखवले. त्यांनी खालची ओळ दाखवली. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी एक चरबी, १६५ वरून २४० वर गेले होते आणि वजन अडीच किलोने वाढले होते. त्यांनी मला बारकाईने विचारले, मी बारकाईने सांगितले, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवत ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही म्हैस सोडली आणि कढई धरलीत."

शिवाय त्यांनी बी-१२ ची गोळी लिहून दिली. हे जीवनसत्त्व कुठल्याच पालेभाजीत भरवशाने मिळत नाही, ते जिवाणू तयार करतात आणि म्हशीला ते तिच्या पोटातल्याच जिवाणूंकडून फुकट मिळते. माझ्या पोटात इतके काही चालू असताना ही एक सोय मात्र नव्हती.

त्या संध्याकाळी सूत्रे पत्नीने हाती घेतली. तिने नवे काही केले नाही. तिच्या सासरच्या, म्हणजे माझ्याच आईच्या, डब्यांतले जुने पदार्थ तिने पुन्हा काढले: जोंधळ्याची भाकरी, झुणका, कारळ्याची आणि जवसाची चटणी, हुलग्याचे माडगे, वांग्याचे भरीत, आणि आठवड्यातून तीनदा नाचणीची भाकरी, जिच्या पिठात वजनास वजन धरले तर गाईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट कॅल्शियम असते. तेल ती चमच्याने मोजू लागली आणि तो चमचा औषधाच्या बाटलीसोबत आलेला होता. आई हे सगळे रोज रांधत असे आणि मी लहानपणी ताटावरून, "आजही झुणकाच?" म्हणून उठून जात असे. आता उठून जायला जागा नव्हती, कारण पाऊण तास चालून आल्यावर भाकरी चौथ्या घासापासून अतोनात गोड लागते.

दिवाळीच्या पाडव्याला मुदत संपत होती. त्या दिवशी कोल्हापुरात गवळी आपल्या म्हशी सजवून मिरवायला आणतात, शिंगे रंगवून, गळ्यात घुंगरमाळा घालून, आणि त्यांची हौस पाहायला गाव लोटते. मी भुसारी दुकानातून शेंगदाण्यांची दोन किलोची पिशवी घेऊन परतताना त्या गर्दीत उभा राहिलो. तेवढ्यात कट्ट्यावरच्या माझ्या गवळ्याने मला हेरले.

"काय वो सायेब, दिसंना झालायसा! दूध सोडलंसा म्हणं?"

तब्येतीसाठी आता फक्त झाडपाल्याचेच खातो, असे मी त्याला शक्य तितक्या साध्या शब्दांत सांगितले. त्याने फेट्याखालून माझ्याकडे पाहिले, मग शेजारी उभ्या असलेल्या, मोरपिसे खोवलेल्या, चारशे किलोच्या आपल्या म्हशीच्या पाठीवर थाप मारली.

"हिनं बी जल्मात वैरण, पाला आन् पेंड सोडून दुसऱ्या कशाला तोंड लावलं न्हाई, सायेब. बघा की तब्येत!"

म्हशीने मान वळवली. तिला शेंगदाण्यांचा वास लागला होता. मी मूठभर दाणे काढून तिच्यापुढे धरले, ते तिने खरखरीत जिभेने एका दमात उचलले आणि पिशवीत आणखी किती आहेत ते पाहायला तोंड आत घातले.